ताऱ्याचा ताव

बाबा, इथं ताऱ्यांचा ताव काढतात. तुम्ही हसाल, पण खरंच. लडाखच्या या उजाड डोंगरावर मोठी दुर्बीण आहे, तिथल्या मेसमध्ये मी पोळ्या-भाजी करतो. आजूबाजूले एक झाड नाही, बादली उचलली तरी दम लागते. रात्रभर जागलेले शास्त्रज्ञ दुपारी उठून चहाले बसतात. त्यांच्या तोंडून ताऱ्याचं टेम्परेचर असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मले आपली वाडीची भट्टीच दिसली. ट्रकच्या कमानीचे दबलेले पाटे तुम्ही कोळशात सरकवून राहिले, काका पंखा फिरवून राहिले, मी सांडस धरून उभा. तुम्ही ताव कधी मोजला नाही. पाटा पळसाच्या फुलाच्या रंगावर आला की बाहेर, पिवळा पडू द्यायचा नाही. रंग पाह्य, रंग खोटं नाही बोलत, एवढंच सांगायचे. सातवीत शाळा सुटली माझी, पण हे एक मले पक्कं येत होतं.

इथं पुण्याच्या एक मॅडम येतात. माझं 'करून राहिलो' ऐकून हसतात, मग स्वतः तसं बोलायले जातात अन् चुकतात. त्यांचं काम फार जुन्या ताऱ्यांवर, ज्यांच्यात लोखंड जवळपास नाहीच. मी म्हटलं, ताव तर रंगावरून कळते, त्यात एवढं काय. त्या म्हणाल्या, "तिथंच तर फसायला होतं." ताऱ्याच्या आतलं कोणालेच दिसत नाही म्हणे. उजेड येतो तो वरच्या पातळ थरातून, त्याले ताऱ्याचं वातावरण म्हणतात. त्या थरात लोखंड असलं की ते निळा उजेड जास्त गिळते. लोखंड कमी असलं की तो उजेड सुटून बाहेर येतो, अन् तारा आहे त्याहून जास्त तापलेला वाटतो. म्हणजे रंग एक, ताव वेगळा. मले पटलं नाही. आमच्या बाबाचं मग चुकलं काय, असं मी जरा चिडूनच विचारलं. त्या म्हणाल्या, चुकलं नाही, त्यांच्या भट्टीत सगळं लोखंडच होतं ना.

मग तुम्ही कसं काढता, मी विचारलं. तर आधी लोखंड किती ते अंदाजानं धरायचं, त्यावरून ताव काढायचा, त्या तावावरून लोखंड पुन्हा काढायचं, असं दोन्ही जुळेपर्यंत. अन् एखाद्या ताऱ्याचं दोन्ही बाजूनं जुळते. जास्त ताव धरला तरी बसते, कमी धरला तरी बसते. "मग खरं कोणतं?" मी विचारलं. "दुसरीकडून पुरावा मिळाला तर कळतं. नाही मिळाला तर दोन्ही लिहून ठेवते," असं म्हणून त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. मी तो कप हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. मले तुमचं तोंड दिसून राहिलं होतं, त्या दिवशीचं.

दुपार होती. रंग नीट दिसावा म्हणून तुम्ही आतल्या अंधारात काम करायचे, मी टिनाचं दार उघडं ठेवलं. ऊन थेट पाट्यावर पडलं, त्यात रंग फिका दिसला. अजून व्हायचा आहे म्हणून मी ठेवला, अन् ठिणग्या उडाल्या तेव्हा कळलं की पाटा जळला. तुम्ही माझ्या हातातून सांडस घेतली. ओरडले नाही. "उद्यापासून भट्टीवर येऊ नको," म्हणाले अन् पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी मी एका ट्रकवर क्लिनर म्हणून निघून गेलो. नंतर फोनवर तुम्ही 'जेवला काय' एवढं विचारून आईकडे फोन देत. एक दिवस आईनंच फोन केला. मी पोचलो तोवर सगळं झालं होतं.

तुम्ही तावात होते, मले नालायक म्हणून हाकललं, असं धरलं तर सगळं बसते. तुमची पाठ, ते दोन शब्दांचे फोन, सगळंच. पण त्याच आठवड्यात, पाटा जळायच्या आधी, मी तुम्हाले डोळ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. भट्टीकडे पाहून पाहून डोळ्यात पडदा आला, असं डॉक्टर म्हणाले. पोरगा पण हेच काम करते काय, असंही त्यांनी विचारलं. तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते धरून चाललं तर तुम्ही मले वाचवलं, अन् तेही बसते, पाठीसकट. आईले विचारलं तर म्हणते, त्यायच्या मनातलं मले कधी कळलं होतं काय.

हे आताच काहून उकरून राहिलो, तर काकाचे फोन. त्यांच्यानं आता घण उचलत नाही, भट्टी मी घ्यावी म्हणतात, नाहीतर सामान भंगारात. तुम्ही हाकललं असेल, तर मले यायचं आहे, ती भट्टी पेटवायची आहे, एक पाटा बरोब्बर काढून दाखवायचा आहे. कोणाले, ते नका विचारू. अन् वाचवलं असेल, तर परत येणं म्हणजे तुमचा शब्द मोडणं. महिनाभर मी आज सांगतो, उद्या सांगतो करून राहिलो. भाजी दोनदा खारट झाली, मॅडमही बोलल्या.

काल काकाले सांगून टाकलं, मी येत नाही. काहून गा, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाबानंच मले या कामातून काढलं होतं, माझे डोळे जाऊ नये म्हणून, तसं बोलले होते. काका म्हणाले, "असं म्हणाला होता काय तो? तू गेला तेव्हा मले तर म्हणे, येईलच पोरगं दोन दिवसात."

तुम्ही माझी वाट पाहून राहिले असाल, हे तिसरं मी कधी धरूनच पाहिलं नव्हतं, बाबा. काकानं पुन्हा विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं, तसंच म्हणाले होते. हा कागद काकाले पाठवावा, म्हणजे तुम्ही तसं बोललेच नव्हते हे त्यांना कळेल, असं सकाळी वाटलं होतं. नाही पाठवत. त्यांनी फोन ठेवताना 'चांगला माणूस होता गा' म्हटलं, अन् मले ते ऐकून बरं वाटलं.