पांढऱ्या मातीची खोली

अण्णा, आईसाठी मातीची खोली बांधली आणि ती तिच्यात झोपायला तयार नाही. चैत्र अजून सरला नाही तर तुमचा स्लॅब तव्यासारखा तापतोय. ती डोक्यावर ओला पंचा घेऊन ओट्यावर बसून राहते, पण समोरच्या गार खोलीत काही जात नाही. माझं डोकं फिरायची वेळ आलीय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी भांडायला मला तुम्हीच सापडता, काय करू?

नाशकात इतकी वर्षं सिमेंटच्या इमारती उभ्या केल्या. कंटाळलो आणि मातीकाम शिकायला एका शिबिरात गेलो. भिंतीसाठी चिखलाचा गारा तुडवताना वाटलं, आईला हेच द्यायचं. शिकवणाऱ्या बाई बजावत होत्या, आधी माती बरणीत पाण्यात ढवळून बघा, मगच भिंतीला लावा. पण आपण पडलो पिंपळगावकडचे द्राक्षवाले! आपल्या काळ्या रानाची कसली परीक्षा घ्यायची? ज्या मातीच्या जिवावर सगळे मिशीला पीळ देतात, तीच भिंतीला लावली. वाळली तशा बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. शेजारचे काका बांधावरून ओरडले, "आरं, काळी पिकवायला अन् पांढरी राहायला! भिंतीला काळी लावतं का रं कोणी? घरात कांदे लावायचे हे का?" सगळी भिंत पाडली. गावभर हसं झालं ते वेगळंच.

पांढरी म्हटल्यावर तर मी आणखीच सणकलो. आपल्या जुन्या घराच्या भिंती त्या गावठाणातल्या पांढऱ्या मातीच्याच होत्या ना? मी आठवीत होतो. शाळेतून येतो तर घर नाही. दारात ट्रॉली उभी आहे आणि तुम्ही फावड्याने भिंती भरताय. जुन्या भिंतींची माती म्हणजे द्राक्षाला एक नंबर खत. माझ्या दप्तराच्या कोनाड्यासकट, चुलीमागच्या काजळलेल्या भिंतीसकट, अख्खं घर तुम्ही वेलींच्या बुडात घातलं. मी रडायला लागलो तर म्हणालात, "मातीला काय कवटाळतो? माणसानं पुढं बघावं. मला स्लॅब टाकायचा हे." बस्स, एवढंच. तेव्हापासून मी तुमच्यावर दात खातोय. आणि आता त्याच पांढरीसाठी दारोदार फिरलो, तेव्हा कुणाच्या तरी पडक्या गोठ्याची मिळाली. भुसा घालून भिजत ठेवली, तुडवली, हळूहळू भिंती चढवल्या. या वेळी एक भेग नाही, अण्णा. भर दुपारी हात लावला तरी गार लागते.

काल आईला हाताला धरून तिथे नेलं. तिने भिंतीवरून हात फिरवला, खालची जमीन पाहिली आणि उंबऱ्यातच थांबली.

"छान झाली रे. सारवणार कोण?"

मी म्हटलं, "एखादी बाई लावू की."

"अन् ती नाय आली तर? आठवड्याला जमीन, सणाला भिंती. सारवून सारवून गुडघे गेले माझे. मीच तुझ्या बापाच्या मागं लागले होते, मोडा एकदाचं हे घर म्हणून. ते म्हणायचे, गार हे, राहू दे. मग एक दिवस सारवता सारवता मला उठताच येईना. दुसऱ्या दिवशी फावडं घेतलं त्यांनी."

अहो, मग सांगायचं नाही का मला एकदा? खत काय, स्लॅब काय, पुढं बघावं काय! वाटेल ते बोललात, पण "तुझ्या आईला होत नाही" एवढं तोंडातून निघालं नाही तुमच्या. पोराने जन्मभर राग धरला तरी चालेल, पण बायकोची अडचण सांगायची नाही, ही कुठली रीत? की घर मोडताना तुम्हालाही वाईट वाटत होतं आणि म्हणून माझ्यावर खेकसलात? आता विचारायचं कुणाला? हे पत्र तरी कुठल्या पत्त्यावर टाकू?

खोलीची जमीन आज उकलायला लागलीय. सकाळी शेण आणलं, घमेल्यात कालवलं आणि तसाच उकिडवा बसून राहिलो. आई ओट्यावरून बघत होती. अण्णा, मला सारवता येत नाही. आणि तिला "शिकव" म्हणायला जीभ उचलत नाही.