नवव्या दिवशीचे काजवे

प्रिय चिंगे,

तुझा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते. एकशे अठरा आणि शहात्तर, गोळी बंद, असं तू म्हणालीस आणि त्या बिचाऱ्याचा चष्मा तिरकाच बसला. तो तसाच आरशात बघत राहिला आणि मी स्टुलावर बसून डोळे पुसत राहिले. मालकांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, लेकीचं बीपी उतरलं. त्यांनी सगळ्यांना चहा मागवला. सात आठवडे छातीवर धोंडा होता, तो एकदाचा उतरला बघ. काल दुपारी मी चक्क घोरत पडले होते, असं तुझे बाबा सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस, मी घोरत नाही.

फोन ठेवता ठेवता तू पुन्हा तेच म्हणालीस, आईच्या नजरेमुळे मी वाचले. जावईबापू ऑफिसभर माझं कौतुक सांगत सुटलेत, विहीणबाई तर मला डॉक्टरच म्हणायला लागल्यात. तुम्ही असं काही बोललात की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का ते सांगते, पण मला माझ्या चालीने सांगू दे.

बाळंतपणानंतरचा तो नववा दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. सकाळपासून तुझं डोकं ठणकत होतं. मी म्हटलं, जागरणं. चेहरा आणि हात सुजले होते, म्हटलं, बाळंतिणीचं अंग सुजतंच. नऊ महिन्यांत तुझं बीपी एकदाही वाढलं नव्हतं, बाळंतपण सुखरूप झालं होतं, तेव्हा सुटलो एकदाचे असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. दुपारी तू म्हणालीस, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. आणि मी, बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढलेली शहाणी, म्हणाले, नंबर बदलला असेल. तुझ्या लहानपणापासून दारामागे लावलेला तो अक्षरांचा तक्ता, त्याच्यासमोर तुला बसवलं आणि एक डोळा झाकायला लावला. तू शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचलीस. मग म्हणालीस, अक्षरं दिसतायत गं, पण त्यांच्यावरून ठिणग्या धावतायत, आणि इथे उजव्या बरगडीखाली कुणीतरी मूठ दाबून धरल्यासारखं दुखतंय. ते ऐकलं आणि मी तक्ता तिथेच सोडला. तुझ्या नऊ दिवसांच्या पिटुकलीला बाबांच्या हातात दिलं आणि तुला चपलासुद्धा न घालता गाडीत बसवलं.

दवाखान्यात आकडा निघाला एकशे ब्याहत्तर आणि एकशे बारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झटके कुठल्याही क्षणी आले असते. मूल झालं की बीपीचा धोका संपत नाही, पुढचे काही आठवडे तो असतोच, हे मला तिथे कळलं. चार दिवस तू सलाइनवर होतीस. तेवढ्यातही, आई, तुझ्या चष्म्यावर डाग पडलेत, चष्मेवाल्या बाईला शोभत नाही, असं म्हणालीस. ते रडण्याचे डाग होते.

चिंगे, मी ते चष्म्याच्या धंद्यामुळे ओळखलं नाही. तेच काजवे आणि तीच मूठ मी तुझ्या वेळी भोगली होती. मला झटके आले, दोन दिवस शुद्ध नव्हती. तुझं तोंड मी तिसऱ्या दिवशी पाहिलं. हिला फेफरं येतं, अशी घरात कुजबुज सुरू झाली. माझ्या आईने बजावलं, पोरीचं उद्या लग्न व्हायचंय, हे तोंडातून काढू नकोस. नाही काढलं. मला भाऊबहीण का नाही म्हणून तू विचारायचीस तेव्हा मी म्हणायचे, तू एकटीच घर डोक्यावर घेतेस तेवढं पुरे आहे. खरं तर माझी पुन्हा हिंमतच झाली नाही.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. तुझ्या पहिल्या तपासणीला नर्सने फॉर्म भरताना विचारलं होतं, आईला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला होता का? तू माझ्याकडे पाहिलंस. पलीकडे विहीणबाई बसल्या होत्या. मी म्हटलं, छे, काही नाही. तिने 'नाही' लिहिलं. मी खरं बोलले असते तर त्यांनी तुझ्यावर जास्त लक्ष ठेवलं असतं, घरी मशीन ठेवायला सांगितलं असतं, आपण सकाळच्या डोकेदुखीलाच निघालो असतो. तोंडाने सांगायला तीनदा तुझ्याकडे आले आणि तिन्ही वेळा पिटुकलीला खेळवून परत गेले. डॉक्टरीणबाईंना मात्र त्या नवव्या दिवशीच पडद्याआड सांगून टाकलं होतं. त्या रागावल्या नाहीत, माझ्याच दंडाला पट्टा बांधला. माझंही बीपी वाढलेलं निघालं. एकदा हे होऊन गेलं की बाईने जन्मभर मोजत राहायचं असतं, ते मी कधी केलंच नाही. आता रोज गोळी घेते. तूही मोजत राहा. रागाव, आठवडाभर फोन करू नकोस, मी समजून घेईन. पण पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा तेवढं ते 'नाही' खोडायला लाव. आणि पिटुकलीच्या फाइलीत पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव, आईला झालं होतं, आजीलाही झालं होतं.

तुझीच,
डागाळलेल्या चष्म्याची आई