मीटरभोवतीचा मोर

आत्या,

तू जाऊन तीन वर्षं झाली, तरी तुलाच लिहितेय.

पळसदरीच्या ज्या रिसॉर्टात मी कामाला जाते, तिथल्या नव्या पडद्यांवर तुझा मोर आहे. दादाच्या लग्नात तू ओटीच्या भिंतीवर काढलेला, विजेच्या मीटरपुरती जागा सोडून. पडद्यावरच्या प्रत्येक मोराच्या पोटात तोच रिकामा चौकोन आहे.

सल्ला विचारायला गेले, तर वकीलबाई म्हणाल्या, "हा रिकामा चौकोनच चोरीचा पुरावा. चित्रकार गेल्यावरही साठ वर्षं हक्क तिचाच धरतात."

लग्नघराच्या भिंतीवर चित्राखाली तू नवरानवरीची नावं लिहायचीस, स्वतःचं कधीच नाही. "माजं काय हाय गं त्यात?" म्हणायचीस.

आता खरं सांगते. गेल्या दिवाळीत ओटीची ती भिंत, तुझ्या मोरासकट, मीच चुन्याने पांढरी केली.

साठ वर्षं, आत्या. तोवर मीही नसेन. मोर तुझाच असेल.

तुझी भाची,
हर्षला