माझ्या फोनची बॅटरी कोण खातंय

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, दुपार

आदरणीय कडुबादादा यांना धाकट्या बहिणीचा, रत्नमालाचा, सविनय जय भीम. भामावहिनींनाही सांगा. तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? तेल लावता का, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडं बघता? कपाशीची पहिली वेचणी झाली असेल. वहिनींची खोकल्याची तक्रार कमी झाली का तेही कळवा. इकडं आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे तब्येतीनं ठीक आहोत. बाकी घरात गेले तीन आठवडे जे चाललंय ते तुम्हाला कळायलाच पाहिजे, म्हणून हे पत्र.

तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहिती? कारण फोनवर मी बोलायला लागले की चौथ्या वाक्याला तुम्ही “बरं बरं, ठेवतो” म्हणता, आणि माझं म्हणणं चौथ्या वाक्यानंतरच सुरू होतं. पत्र कसं, मधेच ठेवून देता येत नाही. (ठेवून दिलंच तर वहिनी उचलून वाचतील, हे लक्षात असू द्या.)

तर झालं असं. चौदा एप्रिलला सम्यकनं मला नवा फोन आणला, तुम्हाला माहीतच आहे. लई मोठा. माझ्या तळहातात मावत नाही, पण चित्र छान दिसतं. पहिला दीड महिना सकाळी चार्जिंग केलं की दिवेलागणीपर्यंत निवांत चालायचा. जून लागला तसा दुपारी बारालाच मान टाकायला लागला. सकाळी शंभर टक्के, भाकरी थापून होईपर्यंत ऐंशी, आणि जेवायला बसावं तर वीस. मला वाटलं, गरमी असेल. मग पाऊस झाला, थंडावा आला, तरी तेच. मी सम्यकला सांगितलं. कंपनीत मशिनी सांभाळतो, म्हटलं याला कळेल.

रविवारी जेवताना त्यानं माझा फोन हातात घेतला, बोटानं आत आत कुठंतरी शिरला, आणि ताटावर सगळ्यांसमोर जाहीर केलं की आईचा फोन रोज चार तास दहा मिनिटं उघडा असतो, आणि त्यातले दोन तास पस्तीस मिनिटं नुसते व्हिडिओ. आकडा असा वाचला की जणू दहावीचा नापासाचा निकालच. सूनबाई मोनालीनं “आई, डोळ्यांना त्रास होईल” एवढंच म्हटलं, पण खडू खाणाऱ्या लेकराला मी अंगणवाडीत ज्या आवाजात समजवायचे, त्या आवाजात म्हटलं. आणि हे (म्हणजे तुमचे भाऊजी अप्पाराव) स्वतःचा बटणांचा फोन खिशातून काढून ताटाशेजारी ठेवून बसले. तो फोन मंगळवारी चार्ज केला की पुढच्या मंगळवारपर्यंत चालतो. त्याचा यांना इतका गर्व की वीज जणू हेच तयार करतात. मी म्हटलं, फोन उघडा असतो म्हणजे मी बघतेच असं थोडंच आहे? तो ओट्यावर उघडा असतो, मी मोरीत असते. पण ऐकतो कोण. फैसला झाला. व्हिडिओला रोजचा एक तास, तास भरला की आपोआप कुलूप. आणि एवढं करून बॅटरी सुधारली नाही तर मलाही बटणांचा फोन.

दादा, मी सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवली. सरकारनं आम्हा सेविकांना फोन वाटले तेव्हा शिकवायला आलेल्या साहेबालाच तो नीट येत नव्हता. साठीला टेकलेली मी, रेंज नाही म्हणून पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढून चाळीस लेकरांची वजनं त्यात भरून पाठवली. एकाचंही चुकलं नाही. त्या मला आज माझ्याच लेकानं कुलूप घालावं? त्या दिवशी मी भात घेतला नाही. (संध्याकाळी घेतला, पण कुणासमोर नाही.)

मग मी ठरवलं की याचा छडा लावायचा, आणि मला जसा येतो तसाच लावायचा. लेकराचं वजन उतरलं की आम्ही आईला ओरडत नव्हतो. आधी तक्ता बघायचो. कुठल्या महिन्यात उतरलं, तेव्हा घरात काय झालं, जुलाब झाले की आई रानात कामाला गेली. कपाटात लेकरांच्या वाढीचे कोरे तक्ते पडून होते, हिरवा-पिवळा-लाल पट्टा असलेले. त्यातला एक काढला. महिन्यांच्या जागी तास लिहिले, किलोच्या जागी टक्के. दर तासाला ठिपका, ठिपक्यांना रेघ. आठ दिवस आठ रेघा काढल्या. यांनी विचारलं, कुणाचं लेकरू आहे? म्हटलं, आपलंच आहे, लई खंगलंय.

आणि रेघांनी बरोबर सांगितलं. ज्या दिवशी मी घरातून हललेच नाही, त्या दिवशी रेघ हळू उतरली. ज्या दिवशी बाहेर पडले, त्या दिवशी जिन्यावरून घरंगळल्यासारखी खाली आली. आता गंमत बघा, बाहेर पडल्यावर तर मी फोनला हातही लावत नाही. तो पिशवीत असतो आणि पिशवी सुरेखाच्या गाडीच्या डिकीत. (सुरेखा म्हणजे माझ्या अंगणवाडीतली मदतनीस, तुम्ही पाहिलंय तिला. आम्ही दोघी बहुतेक रोज सकाळी दहाला चिकलठाण्याच्या रस्त्याला एक मोकळं मैदान आहे तिथं जातो. घरात सांगितलंय की विहारात जाते. तुम्हाला खरं सांगते. मी स्कूटी शिकतेय. सहासष्टाव्या वर्षी डॉक्टरचा दाखला लागतो, तोही मिळाला आणि शिकाऊ परवानाही आला. वळताना अजून पाय टेकतो, एवढंच.) म्हणजे डोळ्यांनी बघितल्यामुळं बॅटरी जात नव्हती. डिकीत झाकलेल्या फोनला कुणीतरी आतून खात होतं.

अशात एका गुरुवारी डबा घेऊन कामाला निघालेला सम्यक दारातून मागं वळला आणि म्हणाला, “आई, त्या मैदानात ऊन लई असतं. डोक्याला काहीतरी बांधून जात जा.” आणि गेला. मी “व्हय” म्हणाले. पोळीचा घास तोंडात गेला आणि मग मला वाटलं, कुठलं मैदान? मी तर याला विहार सांगितलंय.

त्याच दिवशी स्टेशनजवळच्या अभयच्या मोबाईलच्या दुकानात गेले. तक्ता सोबत होताच. मला वाटलं हसेल, पण त्यानं तक्ता उभा धरला, आडवा धरला आणि म्हणाला, काकू, असं गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं. बॅटरी तपासली, म्हणाला ठणठणीत आहे, बदलायची काही गरज नाही. मग त्यानं मला समजावलं, ते तुम्हीही समजून घ्या, कामाला येईल. फोनमधे दोन वेगवेगळी पानं असतात. एका पानावर कुठलं ॲप किती वेळ पडद्यावर उघडं होतं ते लिहिलेलं असतं. सम्यकनं ताटावर वाचलं ते हेच. दुसरं पान बॅटरीचं, त्यावर कुणी किती खाल्लं ते असतं. पडद्यावर दिसणारा आणि खाणारा एकच असेल असं नसतं. काही ॲपं कधीच समोर येत नाहीत, पडद्यामागं बसून खातात. अभयनं बॅटरीचं पान उघडलं. व्हिडिओनं बारा टक्के खाल्ले होते. त्याच्या वर, सगळ्यात वर, एक निळी छत्री होती. पडद्यावर शून्य मिनिटं. पडद्यामागं अकरा तास. खाल्ले सेहेचाळीस टक्के.

मी या छत्रीला जन्मात हात लावला नव्हता. अभयनं जरा चाचरत सांगितलं की हे माणूस कुठं आहे ते दुसऱ्याच्या फोनवर दाखवणारं ॲप आहे, माणूस हललं की याचं काम वाढतं. आणि म्हणाला, लोक बहुतेक शाळेतल्या लेकरांच्या फोनात टाकतात. काढून टाकू का, असंही विचारलं. मी नको म्हटलं. सबूत आधी घरच्यांना दाखवायचा होता. दुकानाबाहेर येऊन मी स्टेशनच्या बाकावर बसले. मला लई राग आला होता, दादा. रागापेक्षा लाज जास्त होती. सहा महिने मी “विहारात जाते” सांगत होते आणि माझं लेकरू ते ऐकून मान हलवत होतं.

रविवार येईपर्यंत मी कळ काढली. ताटं वाढली आणि सगळ्यांना म्हटलं, आज आपापले फोन काढा, सगळ्यांच्या तब्येती बघू. सम्यकचे पाच तास वीस मिनिटं निघाले, त्यातले दोन तास क्रिकेटचा खेळ. मोनालीचे साडेचार तास. (तिनं स्वतःच मोठ्यानं वाचले आणि नवऱ्याच्या खेळाकडं जरा जास्तच वेळ बघितलं.) यांच्या फोनात पानच नाही, तरी यांनी पुढं केला. मग मी माझं बॅटरीचं पान उघडून सम्यकच्या ताटाशेजारी ठेवलं.

“ही छत्री कुणाची?”

तो वरण कालवायचा थांबला. मोनालीलाही ठाऊक नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. मग खाली बघत त्यानं सांगितलं की मे महिन्याच्या शेवटी मी बिडकीनला गेले होते, माझ्या जुन्या अंगणवाडीतल्या पोरीचं बाळ बघायला, त्या दिवशी तीन तास माझा फोन लागत नव्हता. तो कंपनीतून सुट्टी टाकून निघाला. आधी विहारात गेला, मग सुरेखाच्या घरी, मग दोन दवाखान्यांत जाऊन माझं नाव विचारलं. मी जीपनं निवांत परत आले तेव्हा तो दारात उभा होता. मला आठवलं, मी त्याला विचारलं होतं की आज लवकर कसा आलास, आणि तो “काम नव्हतं” म्हणाला होता.

“भीती वाटती आई,” तो म्हणाला. “तुला सांगितलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस.”

आता इथं एखादी बाई विरघळली असती. माझाही हात त्याच्या पाठीवर जायला निघाला होता, पण मी तो ताटाशीच ठेवला. म्हटलं, “व्हय, नाय म्हणाले असते. ते नाय ऐकून घ्यायचं असतं. भीती वाटली तर फोन कर, मी उचलीन. पण माझ्या पिशवीत लपून बसू नको.”

तो उठला, हात धुऊन आला आणि माझ्या समोर बसून छत्री काढायला लागला. काढताना तिनं आकडे मागितले. त्यानं माझी जन्मतारीख टाकली, एक जून. (ही हेडमास्तरांनी शाळेत टाकलेली तारीख. खरी आपल्या आईलाच ठाऊक होती, तीही पावसावरून.) छत्री गेली. मग व्हिडिओचं कुलूपही मी त्याच्याकडून तिथंच काढून घेतलं, कारण गुन्हा शाबीत झाला नव्हता. बटणांच्या फोनचा विषय यांनी काढला, पण मोनालीनंच यांना भात वाढून तो मिटवला. आता घरात असं ठरलंय की बाहेर पडताना मी “जाते” म्हणायचं. कुठं, ते मला वाटलं तर. फोन आला तर उचलायचा. सम्यकनं दोनदा केला आहे. दोन्ही वेळा “ठीक आहेस का” विचारलं, मी “ठीक आहे” म्हणाले, आणि दोघांनाही पुढं काय बोलावं ते सुचलं नाही, तरी त्यानं लगेच ठेवला नाही.

काल संध्याकाळी सातला बॅटरी पंचेचाळीस टक्के होती. रेघ दिवसभर हिरव्या पट्ट्यात. तक्ता मी फ्रिजच्या दारावर लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते आणि कुणी विचारलं तर सगळं सांगते. सम्यक म्हणतो काढ आता. नाही काढणार.

वहिनींना पुन्हा जय भीम. गुडघ्याला तेल लावा.

तुमची बहीण,
रत्नमाला

ता. क. : इथून पुढचं वहिनींना वाचून दाखवू नका. तुमची लेक सोनिया लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून तिची स्कूटी तुमच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी आहे. मी सोनियाला विचारलं, ती घे म्हणाली. मला ती पाहिजे. थोड्या दिवसांसाठी नाय, कायमची.

ता. क. २ : “या वयात?” असं लिहायला पेन उचलला असेल तर खाली ठेवा. छत्री काढून झाल्यावर सम्यकनं सगळंच सांगितलं. बिडकीनच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला फोन केला होता. आपल्या ट्रॅक्टरला तसलं यंत्र लावलंय, कुठं उभा आहे ते घरबसल्या कळतं, तूही तुझ्या आईच्या फोनात बघ काहीतरी, असं तुम्ही म्हणालात. ट्रॅक्टरला, दादा. हे वहिनींना सांगायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

ता. क. ३ : ते दोन तास पस्तीस मिनिटं माझेच आहेत. मोरीबिरी काही नाही. अर्धा तास स्कूटी कशी वळवायची ते, आणि बाकीचा सगळा वेळ एक माणूस गंजलेल्या कुऱ्हाडी आणि कात्र्या घासून नव्या करतो ते. एक शब्द बोलत नाही, नुसतं घासतो. एकदा लावलं की उठवत नाही. तुम्हीही बघा.

ता. क. ४ : रविवारी सुरेखाला घेऊन एसटीनं येते. परत स्कूटीवर जाणार. गावातल्या रस्त्याला ती चालवील, मोकळ्या रस्त्याला मी. हवा भरून, किल्ली शोधून ठेवा. आणि स्कूटीला कुठं काही चिकटवलं असेल तर मी यायच्या आधी काढून टाका.