खरेदीच्या यादीत सापडलेलं ॲप

बोळिंज, मंगळवार संध्याकाळ

हल्ली मी बोलायला लागले की अरुण मोबाईल समोर ठेवतो आणि त्यातच बघत बसतो. नवरा असं वागला की संशय येणारच ना? आमचं खातं एकच, म्हणून आज तो कामावर असताना माझ्या मोबाईलवर ॲपच्या खरेदीची यादी उघडली. चॅटिंगचं काहीतरी निघेल अशी खात्रीच होती. निघालं भलतंच. समोरच्याचं बोलणं लिहून दाखवणारं ॲप, चार महिन्यांपासूनचं!

तो आल्या आल्या विचारलं, "हे कशाला?"

मोबाईलवर वाचून म्हणाला, "सातिवलीच्या कारखान्यातल्या मशिनांनी कान गेले गं. तुला कळू द्यायचं नव्हतं."

तरी संशय जाईना. इतकं ऐकू येईनासं होतं? तो गॅलरीत पाठमोरा उभा होता. मी मागून हाक मारली. मग जोरात मारली.

वळला नाही.