पाठीवरचे दळण

ती. वहिनींना,

लांबूनच नमस्कार. पाय पुढे करू नका, गुडघा दुखत असेल. त्या गुडघ्याला मी पाठवलेले तेल लावता, की बाटली अजून खिडकीत शोभेला ठेवली आहे, ते खरे खरे कळवा. आम्ही इकडे खुशाल आहोत. (हे पूर्ण खुशाल. मी तळपाय सोडून खुशाल.)

तुमचे पार्सल शुक्रवारी पोचले. आत निघाले ते असे: दादाची पाठपिशवी एक, तिला पट्टे दोन, पैकी एकाला बक्कल नाही, कॅनव्हासचे बूट एक जोड, पाण्याची बाटली एक, टोपण चेपलेले, डांबराच्या गोळ्या सात, आणि तुमची चिठ्ठी, "वन्सं, काम झाले की परत पाठवा आणि तो दुसरा विषय काढू नका," एवढीच. वजन जास्त भरले म्हणून टपालवाल्याने वर अठरा घेतले, ते मी दिले. डांबराच्या गोळ्या काढून घेतल्या असत्या तर पंधरात भागले असते, पण असो. दुसरा विषय मी काढत नाही. पुढचे कळावे म्हणून एकदाच लिहिते, की तळ्याकाठच्या बागेत शिळा उभी राहते आहे, तिच्यावर लढाईत आणि नोकरीवर कामी आलेल्यांची नावे कोरायची आहेत, आणि दादाच्या नावाचा माझा अर्ज तीनदा "स्वयंपाकी, विचाराधीन" असा शेरा घेऊन परत आला. झाले. विषय बंद.

आता फेरीचे. शिळेच्या निमित्ताने समितीने रविवारी स्मरणफेरी काढली होती. चालायचे आठ किलोमीटर आणि पाठीवर घ्यायचे आठ किलो, का तर सैनिक किती ओझे वाहतो ते आपल्यालाही कळावे. (बाईमाणसाला हे कळायला रविवार कशाला लागतो, असे मी यांना विचारले. यांनी पेपर वर धरला.) समितीचे अध्यक्ष म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले निवृत्त कर्नलसाहेब. गृहस्थ सज्जन आहेत, पण भाजी घ्यायला गेले तरी दुधी भोपळे रांगेत उभे करून तपासतील असे. दादाच्या अर्जावरचा शेरा त्यांच्याच अक्षरातला. मी त्यांच्याशी गेले वर्षभर बोलत नव्हते, फक्त नमस्कार करत होते, तोही कोपरापासून.

ओझे कशाचे घ्यावे याला नियम नव्हता. कुणी वाळू भरली, कुणी विटा. यांनी जुने कायद्याचे ग्रंथ घेतले, म्हणजे तेवढाच ग्रंथांचा उपयोग झाला. शिवणक्लासवाल्या बाईंनी पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि वाटेत पीत गेल्या, ही लबाडी मी सगळ्यांदेखत बोलून दाखवली नाही, फक्त तुम्हाला लिहिते आहे. मला मात्र वाळू भरवेना. आठ किलो नुसती वाळू आठ किलोमीटर फिरवून परत तिथेच ओतायची, हे देवालाही पटणार नाही. शिवाय चौथ्या किलोमीटरला, औषधाच्या दुकानापासून आत वळले की आपली नेहमीची पिठाची गिरणी आहे, आणि तिथे मागल्या बुधवारचे आठ किलो पीठ तयार पडले होते. म्हटले गहू भरावे, गिरणीत उतरवावे, पीठ पाठीवर घ्यावे आणि पुढे चालावे. वजन तेच. समितीचे काही बिघडत नाही आणि माझी एक फेरी वाचते. नुकसान कुणाचे होत होते, सांगा.

सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर तराजूवर वजने झाली. माझी पिशवी आठ किलो वर मूठभर भरली. प्रत्येकाला गळ्यात घालायला एकेका कामी आलेल्या माणसाचे नाव लिहिलेला पुठ्ठा दिला. मला एक लेफ्टनंट आले. तेवीस वर्षांचे. बिचाऱ्याला मी मनापासून गळ्यात घेतले, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण पुठ्ठ्याची मागची बाजू कोरीच होती, आणि कोरा कागद वाया गेलेला मला बघवत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे मी पेन्सिलीने दादाचे नाव लिहिले.

बँड सुरू झाला. हे बँडच्या मागोमाग पुढे, मी मधल्या रांगेत, आणि कर्नलसाहेब अगदी शेवटी, मागे पडणाऱ्यांना हाकत. मी पावलागणिक जप सुरू ठेवला होता. आणि वहिनी, काय सांगू, दुसऱ्या किलोमीटरपासून ओझे हलके व्हायला लागले. नामस्मरणाने भार उतरतो हे लहानपणापासून ऐकत आले होते, पण असा किलोकिलोने उतरतो याचा अनुभव नव्हता. मी चालता चालता डोळे मिटून आभार मानले. (देवाने आभार घेतले. उंदराचे नाव सांगितले नाही.)

उंदीर तुमच्या ट्रंकेतला. पिशवीच्या तळाला दादाने पोती शिवायच्या दोऱ्याने जे ठिगळ लावले होते ते अजून जागेवर आहे, टाका हललेला नाही. पण तुमच्या उंदराने ठिगळाच्या शेजारून बोटभर भोक पाडले होते आणि त्यातून माझे गहू शाळेच्या फाटकापासून एकसारखे, कणाकणाने, रस्त्यावर पडत होते. बँडच्या आवाजात मला कळले नाही. माझ्या मागे चालणाऱ्यांना वाटले, खुणेसाठी मुद्दाम पेरले असतील. बूटही दादाचेच, दोन नंबरांनी मोठे, पुढे बोळे कोंबलेले, त्यामुळे मी चालत होते ती बदकासारखी आणि सगळे लक्ष पायांकडे.

औषधाच्या दुकानाशी मी ठरल्याप्रमाणे हळूच आत वळले. पुढचे लोक बँडबरोबर सरळ गेले. मागचे लोक शिवणक्लासवाल्या बाईंच्या टाचेला फोड आला म्हणून थांबले होते, आणि कर्नलसाहेब त्यांना बुटाची नाडी कशी बांधावी याचे शिक्षण देत होते. ते कोपऱ्यावर पोचेपर्यंत बँड दूर गेलेला. कोपऱ्यावर समितीने चुन्याने बाण काढला होता म्हणे, पण दुकानदाराने सकाळी पायरी धुतली त्यात बाण गटारात गेला. राहिली माझी गव्हाची रेघ. ती तर फाटकापासून बरोबर वाट दाखवत आलेली, साहेबांचा तिच्यावर विश्वास बसलेला. चुन्यापेक्षा धान्य बरे, लांबून दिसते, असे ते बरोबरच्यांना म्हणालेही होते. त्यांनी हात केला आणि तेवीस माणसे, दोन झेंडे आणि एक स्ट्रेचर घेऊन ते रेघेवरून निघाले.

मी गिरणीत पिशवी उतरवते आहे, गिरणीवाला म्हणतो आहे, "बाई, आठ कुठले, हे पाच पण भरत नाहीत," आणि मी त्याच्या काट्यावर संशय घेते आहे, एवढ्यात दारात कर्नलसाहेब. मागे फौज. साहेबांनी गिरणीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, हातातल्या नकाशाकडे पाहिले. ते काही विचारणार, तेवढ्यात साडेसातचा भोंगा झाला.

नियम असा होता, की भोंगा होईल तेव्हा ज्याने त्याने असेल तिथे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे. साहेब नियमाचे पक्के. तिथल्या तिथे ताठ झाले. समोर ध्वजस्तंभ नव्हता, म्हणून गहू ओतायच्या चाडीला सलामी दिली. बाकीचे दळणाच्या डब्यांमध्ये जागा मिळेल तसे उभे राहिले. गिरणीवाल्याने बटण बंद केले, पट्टा फटफट करत थांबला. वहिनी, इतकी वर्षे मी त्या गिरणीत जाते, पण गिरणी थांबल्यावर आत कसे वाटते ते मला माहीत नव्हते. हवेतले पीठ हळूहळू खाली बसत होते, माणसांच्या खांद्यांवर, झेंड्यांवर, साहेबांच्या मिशीवर. मी पुठ्ठा उलटा केला. एवढ्या लोकांनी दादासाठी एकत्र उभे राहण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि त्यांतल्या एकालाही ते माहीत नव्हते. मी रडले नाही. पीठ डोळ्यांत गेले होते ते पुसले.

पुढचे विनोदी आहे. शांतता संपली तशी माणसांना भूक लागली. नाश्त्याची गाडी पुढच्या लोकांबरोबर गेलेली. पाच मिनिटे सगळे देशाबद्दल बोलले, मग कुरकुर सुरू झाली. एक म्हणाला, सहाला बोलावता तर चहा तरी पाजायचा. दुसरा झेंडा भिंतीला टेकवून खाली बसला आणि उठेना. शिवणक्लासवाल्या बाई म्हणाल्या, मी रिक्षा बघते. साहेबांनी दोनदा "सावधान" म्हणून पाहिले, तिसऱ्यांदा म्हणायला गेले आणि स्वतःच पांढरे पडून गव्हाच्या पोत्यावर बसले. त्यांना साखरेचा त्रास आहे, वेळेवर पोटात काही लागते.

मग काय करणार. गिरणीवाल्याची मागे खोली आहे, तिथे शेगडी, तवा, मीठ होते. बुधवारचे आठ किलो पीठ माझेच होते. गरम पाणी, मीठ घालून मळले आणि तव्यावर जाड जाड, वेडेवाकडे रोट, जसे झाले तसे भाजून द्यायला लागले. पोळपाट नव्हता, पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर थापले. तेवीस माणसे आणि गिरणीवाला. (तो आपल्या खोलीत पाहुण्यासारखा रांगेत उभा.) दादा म्हणायचा तेच डोक्यात होते, की आधी शेवटच्या माणसाला वाढावे, पहिला आपोआप गप्प बसतो. अर्ध्या तासात झेंडेवाला उठून उभा राहिला आणि रिक्षाचे नाव निघाले नाही. साहेबांनी चार खाल्ले. मी मोजले.

चौथा खाताना त्यांची नजर पिशवीवर गेली. तिच्यावर दादाचा नंबर आहे ना, काळ्या रंगात.

"हा नंबर कुणाचा?"

"भावाचा."

"कुठल्या तुकडीत होता?"

"स्वयंपाकघरात."

साहेब चावायचे थांबले. माझ्या गळ्यातला पुठ्ठा उलटाच राहिला होता. तो त्यांनी जवळ ओढून वाचला. "हे कुणी लिहिलं?"

"मीच. पेन्सिलीने लिहिलंय, खोडता येतं."

त्यांनी हातातला तुकडा संपवला. मग म्हणाले, "बाई, नियम नियम आहे. नोकरीवर असताना गेला असा पलटणीचा कागद हवा. तुमच्या तिन्ही अर्जांना तो जोडलेला नव्हता. कागद आहे का?"

मी काय उत्तर दिले ते खाली लिहिते, आधी शेवट सांगते, नाहीतर राहून जाईल. आम्ही तळ्यावर पोचलो तेव्हा पाहुण्यांचे भाषण संपून पाहुणे गेलेसुद्धा होते. यांनी विचारले, कुठे होतीस. मी म्हटले, दळणाला. शेवटी पुन्हा वजने झाली, कारण ओझे पूर्ण आणणाऱ्यालाच प्रमाणपत्र होते. माझे पीठ सगळे लोकांच्या पोटात गेलेले, पिशवी तराजूवर ठेवली तर काटा हललाच नाही. यांना प्रमाणपत्र मिळाले, त्याला चौकट करून भिंतीवर लावायची चर्चा चालू आहे. चौकटीचा खर्च मी नामंजूर केला आहे.

पिशवी धुऊन, भोक शिवून ठेवली आहे. माझा टाका दादाच्या टाक्याशेजारी अगदी शिकाऊ दिसतो.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तेलाची बाटली उघडा.

तुमची,
वन्सं

ता. क. उंदराचा बंदोबस्त करा. तीन किलो गहू गेले. पाखरे त्या रस्त्यावर अजून सकाळी सहाला जमतात.

ता. क. दुसरा. मी "कागद आहे, घरी आहे" असे म्हणाले. देवाचे नाव घेत चालले होते त्याच तोंडाने खोटे बोलले आणि त्याबद्दल रोज संध्याकाळी कान धरते आहे. पण तुम्ही ठरवलेत तर ते खोटे राहणार नाही. कागद तुमच्या ट्रंकेत, शालीच्या घडीखाली, बिस्किटाच्या डब्यात आहे. (शाल उन्हात घालायला मागे मीच काढली होती. वाचला नाही. एकदाच वाचला.) दादाची वार्ता आली तेव्हा बाहेरच्या खोलीत कुणीतरी म्हणाले, की हा लढता लढता नाही, गाडी उलटून पातेल्यांखाली सापडून गेला, आणि दोघे हसले, ते तुम्ही आतून ऐकलेत. मीही ऐकले होते. तेव्हापासून तुमचा विषय बंद आहे. पण वहिनी, जेवणाची गाडी घेऊन त्या घाटात तो गेला, कारण वर चाळीस माणसे दोन दिवस उपाशी होती. रविवारी तेवीस माणसे दीड तास उपाशी होती तर काय झाले ते मी वर लिहिले आहे. हसणारे हसोत. दादा असता तर तोच आधी हसला असता, आणि मग त्या दोघांना वाढले असते.

ता. क. तिसरा. यादी येत्या सोमवारी संध्याकाळी शिळा कोरणाऱ्याकडे जाते. कोरणारा नावाचे पैसे घेत नाही, पण नावापुढे काही जास्त कोरायचे तर अक्षरामागे घेतो. मी "स्वयंपाकी" या चारही अक्षरांचे भरून आले, घासाघीस न करता. पावती यांना दाखवलेली नाही. तेव्हा कागद पाकिटात घालून उलट टपाली पाठवा, आणि पाठवणार नसाल तर तसे दोन ओळींत उलट टपाली कळवा. डांबराच्या गोळ्या घालू नका.