चार मिलिमीटर बिबट्या

३ मार्च, सोमवार

पेंटर आज विचारतो — "बाई, मोठा कोण तेवढं सांगा. बिबट्या की जग्वार?" कपाळाला हात लावला! वर्षभर मी याच प्रश्नाशी झटतेय आणि याला उत्तर एका शब्दात हवंय.

म्हटलं, कुठला बिबट्या आणि कुठला जग्वार? अरबस्तानातला बिबट्या जेमतेम तीस किलोचा. इराणच्या डोंगरातला त्याच्या अडीचपट. जग्वारांचंही तसंच — मध्य अमेरिकेच्या जंगलातला पन्नाशीच्या आसपास, दक्षिणेकडच्या पाणथळ गवतातला शंभरी पार. म्हणजे इराणचा बिबट्या जंगलातल्या जग्वाराला सहज भारी! त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मग शिडी मोठी लागेल."

संग्रहालयाची नवी भिंत. सगळे प्राणी खऱ्या मापाचे, खाली कवटीची लांबी. वीस तारखेला उद्घाटन. आकडे बाबांच्या तक्त्यातून घ्यायचे. माझ्या या खुर्चीवर ते तीस वर्षं बसले, तो तक्ता कवट्यांच्या खोलीत अजून फ्रेम करून लावलाय. भिंतीच्या कोपऱ्यात ‘मोजमाप’ म्हणून त्यांचं नाव येणार. वरवर म्हणाले, "कशाला उगाच." मग नावाचं अक्षर केवढं असेल ते दोनदा विचारलं.

५ मार्च

उगाच कवट्या स्वतः मोजून तक्ता पडताळायला गेले. बाबांचे बिबटे लांब भरतायत! सगळेच्या सगळे. चार मिलिमीटर, कुठे तीन, कुठे पाच. जग्वार मात्र तंतोतंत.

६ मार्च

सापडलं. दात!

लांबी हाडापासून हाडापर्यंत घ्यायची असते. आमच्या बिबट्यांचे पुढचे दात शाबूत आहेत, जग्वारांचे केव्हाच गळालेत. बाबांनी कॅलिपर, म्हणजे मोजायचा आकडेवाला चिमटा, सरळ दातांना टेकवला. जग्वारांना दातच नाहीत, म्हणून ते बरोबर. बिचाऱ्या बोळक्या जग्वारांवर तीस वर्षं अन्याय!

आता हे घरी सांगणार कोण? मीच. दुसरं आहे कोण घरात.

७ मार्च

सांगितलं. चहाचा कप ठेवला आणि सांगितलं.

"माझ्या तक्त्यात चूक नाही."

"बाबा, दात धरले गेलेत."

"मी कवट्या मोजत होतो तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते, शहाणे."

दातांवरून दातांवर! मला हसू फुटलं, म्हणून आणखी चिडले. दिवसभर अबोला. म्हणजे त्यांच्या बाजूनं. मी बोलतच होते.

१० मार्च

संचालकांना सांगितलं. ते नेहमीसारखे अर्धे दाराबाहेर. "सरांचे आकडे आहेत तसे लावा हो. चार मिलिमीटर कुणाला कळणार?"

"बिबट्याला," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. चुकीचे आकडे मी लावणार नाही. पण माझे लावले तर ‘मोजमाप’ खाली बाबांचं नाव कसं टाकू? आणि नाव काढलं तर त्यांना काय वाटेल, हे मला चांगलं ठाऊक आहे. नव्या शर्टाला इस्त्री करून झालीय त्यांची. उद्घाटनाला दहा दिवस आहेत अजून!

११ मार्च

युक्ती सुचली. बाबांनीच पुन्हा मोजावं! दात सोडून. आकडे नवे, नाव त्यांचं. भांडण खलास. मी स्वतःवरच खूश.

१२ मार्च

येत नाहीत म्हणे. सकाळी गुडघा दुखत होता. दुपारी खोलीतला उजेड वाईट ठरला. संध्याकाळी — "एकदा मोजलं ते मोजलं." तीस वर्षं ज्या खोलीतून या माणसाला जेवायला ओढून आणावं लागायचं!

म्हटलं, "घाबरलात. सरळ सांगा ना, लेकीला घाबरलात."

लागलं वर्मी. शुक्रवारी येणार.

१४ मार्च, शुक्रवार

आले. नवा शर्ट घालून! पेंटरनं शिडीवरून उतरून नमस्कार केला, तर एकदम ताठ झाले.

मी एकेक कवटी समोर ठेवत होते. ते आधी दोन्ही हातांनी चाचपायचे, आणि लगेच — "हा इराणचा नर. उजवा सुळा तुटका." "हा अरबस्तानातला छोटू." एकही चुकला नाही. मला इतकं बरं वाटलं! म्हातारबुवा हातानं बिबटे ओळखतात आणि मी लेबलं वाचत बसते. मग कॅलिपर लावायचा, माप हलू नये म्हणून पेच आवळायचा, वर उचलून डोळ्यांपाशी धरायचा, आणि मोठ्या थाटात आकडा. मी लिहायचं.

"दोनशे एकाहत्तर."

जुनाच आकडा!

"बाबा, दात सोडून."

"सोडूनच घेतलंय."

दुसरा, जुनाच. तिसरा, जुनाच. बाराच्या बारा बिबटे, बाराही आकडे तक्त्यातले. हसावं की रडावं? म्हटलं, "बाबा, कॅलिपर मोजतोय की पाठांतर म्हणून दाखवतोय?" पेंटर खो खो हसला. बाबा नाही हसले. "इराणचा नर पुन्हा आण," म्हणाले. पुन्हा लावला, पुन्हा पेच आवळला. "दोनशे एकाहत्तर." कॅलिपर तसाच टेबलावर ठेवला आणि निघाले.

घरी येताना बोलून बोलून डोकं उठवलं मी त्यांचं. इतका हट्टीपणा बरा नव्हे, नावासाठी माणसानं किती अडून बसावं, संचालकांना मी काय तोंड दाखवू. त्यांनी माझा दंड धरला होता. रस्ता ओलांडल्यावरही सोडला नाही. मला वाटलं, समजूत काढतायत.

१५ मार्च

कवट्या खणांत ठेवायला गेले. कॅलिपर कालच्या जागीच होता. पेच आवळलेलाच. सहज आकडा पाहिला.

दोनशे सदुसष्ट. माझाच आकडा. हाडापासून हाडापर्यंत, दात सोडून — त्यांच्या हातांनी अगदी बरोबर मोजलं होतं.

त्यांना तो वाचता आला नाही. बाराही वेळा.

आणि मी त्यांना सबंध रस्ताभर हट्टी म्हणत आले.